लाभ

दोंडाईच्याला स्टेशनकडून येताना
उजव्या हाताची तिसरी इमारत.
काळ्या दगडाचं जोतं, वर नवापूरचं सागवान,
कमानीवर कोरलेलं:
उखर्डू नथ्थू अमृतकर, मिरची व कापूस आडत, शके १८४८.
‘आडत’चा ड कधीचाच गळून पडला.
लहानपणी आम्ही ते ‘आत’ वाचायचो
आणि आत जायचो.

माझा बाप इथला तोलार.
मोजताना त्याच्या तोंडी ‘एक’ कधी आलं नाही.
पहिल्या पोत्याला लाभ,
मग दोन, मग तीन.
लाभ म्हणताना आवाज चढायचा,
गादीवरचे शेठ मान डोलवायचे,
आणि ज्याची मिरची तो मालपूरचा, विखरणचा माणूस
आपल्या बैलांकडे बघत राहायचा.

दर पोत्यातून एक मूठ नमुना.
मूठ शेठची, आणि शेठचा हात थोराड.
आखाजीला धोतरजोडी मात्र
एकाही वर्षी चुकली नाही.

सून आणली चांदवडची, सरूबाई.
मिरचीच्या खकाण्यानं अकरा दिवस शिंकत होती,
ओटी भरताना, ताट वाढताना, देवापुढं.
माहेरी निरोप धाडायचं घाटत होतं
तर बाराव्या दिवशी थांबली.
तिची पोरं त्याच पोत्यांवर रांगली,
नाक लाल, पण शिंक म्हणून नाही.

ती गेल्यावर लोटन आणि हिलाल वेगळे निघाले.
गवंड्यानं दोरी धरली
ती नेमकी मोठ्या तराजूच्या आकड्याखालून.
भिंत उठली. आकडा भिंतीत गेला.
एक पारडं लोटनकडे, एक हिलालकडे,
आणि पेढीवर तोलणं बंद.
दोन्हीकडून हाक आली की
बाप ओट्यावरच बसून विचारायचा,
“आते काय तोलू? वारा?”

बहीण शेवंता. तिनं वाटणीत
फक्त चोपड्या मागितल्या, लाल कापडातल्या एकतीस.
हसले दोघे. देऊन टाकल्या.
पावसाळाभर वाचत बसली
आणि एका दुपारी आमच्या दारात उभी:
“काका, सगळी खाती सापडली.
नमुन्याचं खातं कुठंय?”
बाप काही बोलला नाही.
रस्त्यापलीकडे, इमारतीच्या
वरच्या मजल्याकडे बघत राहिला.
तिनंही पाहिलं.
चहा न घेता गेली.
वरच्या मजल्यावर पुन्हा कधी चढली नाही म्हणतात;
मला तेवढं ठाऊक नाही.

नंतर लोटनच्या बाजूला बँक,
मग व्हिडिओ पार्लर, मग दहावीच्या शिकवण्या.
हिलालच्या बाजूला खताचं दुकान, मग नुसतं कुलूप.
नातवंडं सुरतेला, नाशकात, एक कॅलगरीला.
सह्या कुरिअरनं आल्या.
किल्ली माझ्याकडे, कारण मी समोर राहतो.

काल पोरगेला इंजिनिअर आला.
टेप नाही, हातात डबी, तिच्यातून लाल ठिपका
भिंतीवरून धावायचा आणि आकडा उमटायचा.
मग तो मधल्या भिंतीशी थांबला.
“ही नंतरची दिसते,” म्हणाला
आणि हातोडीनं ठोकून बघितली.

गिलावा खाली आला, त्यामागून आकडा, गंजलेला,
आणि त्याच्यामागून
चाळीस वर्षं कोंडलेला तांबडा धुरळा.

पोरगा शिंकला.
मी म्हटलं, लाभ.
त्यानं डोळे पुसत माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा.
दोन.
तीन.