कसर

इश्पेरांसनं तो आणला तांदळाच्या गोणीत,
चतुर्थी होऊन आठवडा झाला होता.
रिक्षातून उतरतानाच म्हणाली,
"कसर लागली गे बाय."

म्हापशाच्या टपाल कचेरीमागे माझं रफूचं दुकान.
कोटांची कोपरं येतात, वेदीवरची वस्त्रं,
कधी उदबत्तीनं जळलेली शाल.
असला गालिचा आला नव्हता:
काळी किनार, आत लाल पायऱ्या, राखाडी पोट,
आणि गाठ कुठे म्हणून नाही.

चौऱ्याहत्तर साली हणजूणला तिच्या खोलीत राहिलेल्या
एका लांब केसांच्या माणसानं
तीन महिन्यांच्या भाड्यापोटी ठेवलेला.
तिकडे नवाहो बायका विणतात, तो सांगायचा.
मग त्यावर कुत्रा झोपला, नातवंडं रांगली,
शेवटी तो शिवणयंत्राखाली गेला
आणि तिथल्या अंधारात किड्यांनी संसार थाटला.

उन्हात टाकला नाही. लाल उडतं.
झटकलाही नाही.
प्लास्टिकमध्ये गुंडाळून
बोस्त्यांवच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवला,
सुरमईच्या शेजारी, पंधरा दिवस.
बोस्त्यांव रोज विचारायचा,
"मेला का तुझा किडा,
की त्यालाही बर्फ मानवला?"

मग जाळीवरून हळूहळू धूळ ओढली.
ओल्या कापसानं लाल टिपून पाहिलं: कापूस गुलाबी.
म्हणजे पाणी नाही.
नुसता ब्रश, सावली, आणि आपला धीर.
दमट हवेत त्याला मेंढीचा वास सुटला
आणि मी एकदम खानापुरात.

माझा बाप सणगर.
चिंचोक्याची खळ, खड्ड्यातला माग,
घोंगडीवर तळवा फिरवून सांगायचा
मेंढी कुठल्या रानात चरली.
हे रान त्यालाही ओळखता आलं नसतं.
पण विणीत तिरक्या फिकट रेषा दिसल्या
तेव्हा एवढं कळलं:
बाई एका जागी बसून
हात पोचेल तेवढंच विणायची,
मग सरकून पुढचं.
कंबर दुखत असणार.

भावाकडून काळी लोकर मागवली, टकळीवर कातली.
आधी तुटलेले ताणे सांधले, मग बाणा.
एक भोक, कधी अर्धा दिवस.
डोळे शिणले की रस्त्यावरची पाववाल्याची सायकल बघायची
आणि परत खाली मान.

वरच्या कोपऱ्यात मात्र
एक राखाडी धागा, काळ्या किनारीतून आरपार
थेट कडेपर्यंत गेलेला.
चूक, मी म्हटलं. काळा धागा ओवला.

सुई टेकवली आणि थांबले.
चुकलेला धागा कुठेतरी बिचकतो,
मागे वळतो, नाहीतर पुढची ओळ त्याला झाकते.
हा बिचकला नव्हता.
पोटातल्या राखाडीतून उठून
सरळ चालत बाहेर.

फोन केला. पलीकडे कुकरची शिट्टी.
"तें बंद करूं नाका," इश्पेरांस म्हणाली,
"ते दार. विणणारीनं स्वतःसाठी ठेवलेलं,
काम संपलं की निघून जायला."
थोडं थांबून, हसून की काय,
"तोय मागल्या दारानूच गेलो."

मी सुई उशीला टोचून ठेवली.
बापाच्या मागाला खड्डा होता,
दार नव्हतं.
शेवटच्या वर्षी पाय वर निघेनात
तर आम्ही दोघं भावंडं त्याला काखेत धरून
उचलायचो, संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी.

न्यायला आली तेव्हा बजावलं:
यंत्राखाली नको. घडी नको, गुंडाळी कर.
दोन महिन्यांनी उलटा,
लवंगांवर विसंबू नको, डोळ्यांनी बघ.
तिनं पावती मागितली. मी लिहिलं:

भोकं तेवीस, बुजवली.
कसर एक, ठेवली.

ओवलेला काळा धागा वाया नाही गेला.
बोस्त्यांवची कानटोपी उसवली होती.