किल्ल्यांचा जुडगा

लेनर्ड गेल्यावर चार घरं उरली,
अकरा भाडेकरू,
आणि खुंटीवर किल्ल्यांचा एक जुडगा.
कुठली कुठल्या दाराची, ते त्याच्या बोटांना ठाऊक होतं,
मला नाही.

बफेलोत जानेवारीचा बर्फ तळ्यावरून येतो,
वर्दी देत नाही.
रात्री दोनला फोन: नळ गोठला.
पहाटे चारला: छताचा धुराचा अलार्म चिवचिवतोय, बाळ झोपत नाही.
एकाहत्तराव्या वर्षी मी शिडी धरते,
चढायला कोणीच नसतं.

म्हणून किराणा दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली:
माणूस हवा. नळ, वायर, रंग, छप्पर, थोडं थोडं सगळं.
पिणारा नको.
पहिला आला तो घड्याळ बघतच आला.
दुसऱ्यानं बॉयलरला लाथ मारून सांगितलं, नवा घ्या.
तिसरा एफ्राइन कोत्तो,
पन्नाशीचा, डावी करंगळी अर्धी,
खिशाला पेनासारखा टेस्टर.
पैशांचं विचारलं नाही आधी. म्हणाला,
"पाण्याचा मेन कॉक कुठे आहे, प्रत्येक घरात?"
मी गप्प.
"मग तिथूनच सुरुवात."

आठवडाभर तळघरांतून रांगत होता.
वर आला की भुवयांवर जळमटं.
प्रत्येक कॉकला पत्र्याचा बिल्ला, खिळ्यानं कोरलेला आकडा.
स्वान स्ट्रीटच्या तळघरात, तुळईवर,
लेनर्डचं अक्षर सापडलं त्याला, पेन्सिलीतलं:
भट्टीची जाळी कधी बदलली त्याच्या तारखा,
शेवटची ऑक्टोबरातली.
फोन करून वाचून दाखवल्या. सगळ्या.
पुरे, म्हटलं, पुढचं काम बघ.
फोन ठेवल्यावर मात्र
बराच वेळ उभीच होते.

बिल तो पै न पै लावतो.
बल्ब एक. वॉशर दोन. कमोडखालचं मेणाचं कडं एक.
पायऱ्यांवर मीठ टाकलं, पंधरा मिनिटं.
मी घासाघीस करते, तो हसतो, आकडा तोच.

फेब्रुवारीत सांगितलं त्याला,
वरच्या मजल्यावरच्या डार्लीनचं भाडं तीन महिने थकलंय,
कुलूप बदल.
त्यानं पेटी उघडली नाही.
"भाडं थकलं म्हणून कुलूप नाही बदलत, मिसेस पावलाक.
कुलूप बिघडलं तर बदलतो."
मग, जरा थांबून,
"तिचा रेडिएटर नोव्हेंबरपासून थंड आहे.
ठाऊक होतं तुम्हाला?"

होतं.

घरी येईपर्यंत सात वेळा त्याला काढून टाकला.
जुडगा परत मागायचा, उद्याच.
पण चारही घरांचं पाणी आता त्याच्या डोक्यात,
आणि कणा माझा.

दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह आणला, अडतीस डॉलर.
शिडीची गरज नव्हती, तरी मी सोबत गेले.
डार्लीननं दार उघडलं, कोट घालूनच.
एफ्राइन गुडघ्यांवर.
आम्ही दोघी त्याच्या पाठीकडे बघत,
एकमेकींकडे नाही.
नळी आधी खाकरली, मग गरम पाणी चढलं.
डार्लीननं लोखंडावर तळवा ठेवला
आणि काढलाच नाही.

भाड्याचं बोलणं झालं नाही.
मार्चमध्ये अर्धं आलं,
पाकिटात, चिल्लरसकट.

माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरातला नळ
नाताळपासून टपकतोय.
त्याला सांगितलेलं नाही अजून.
आधी विचारेल,
मेन कॉक कुठे आहे.