चुंबक चिकटत नाही तिथं

गफ्फार मिस्त्रीनं खिशातून चुंबक काढलं,
फुटक्या स्पीकरमधलं, काळं, बांगडीएवढं,
आणि ओम्नीभोवती फिरू लागला
सोयरीक पाहायला आलेल्या मामासारखा,
काही न बोलता.

"तिथं नाई चिपकन ते,"
ओट्यावरून शालिकराम मडावी म्हणाले.
"मांगच्या डाव्या चाकाच्या वर. पुट्टी हाये.
पोरानं पांढरकवड्याच्या वळणावर
सागाच्या झाडाले लावली होती.
झाड तसंच हाये."

चुंबक खरंच घसरलं.
गफ्फारचं तोंड उतरलं,
ते त्याला सापडायला हवं होतं.

रिटायर पोस्टमास्तर. रजिस्टर वाचावं तसं
एकेक सांगत गेले:
दुसरा गिअर थंडीत अडते,
जबरदस्ती नोको करजो, जरासं थांबजो.
मधला दरवाजा आतून उघडत नाई.
काटा एक लाख बेचाळीसवर हाये.
"यवतमाळचा एजंट म्हणे, साठवर आणून देतो, हजार रुपयात.
मी म्हटलं बाप्पा,
मी बी फिरलो ना तिच्यासंग एवढा.
माहे गुडघे कोण मांगं नेईन?"

मी अस्वस्थ झालो.
चार गाड्या पाहिल्या होत्या त्या महिन्यात:
डॉक्टरची गाडी, फक्त दवाखान्यात जायची,
घरातल्या पोरीसारखी ठेवलेली,
हात लावून पाहा, लोणी आहे.
तिथं मला ठाऊक होतं कुठं उभं राहायचं,
कधी टायरला लाथ मारायची,
कधी चप्पल घालून निघाल्यासारखं करायचं.
इथं भाव पाडायला काही उरलंच नव्हतं.
या माणसानं माझी सगळी वाक्यं
आधीच बोलून टाकली होती.

"इतकं सांगून रायला," गफ्फार कानाशी आला,
"म्हणजे मोठं कायतरी दाबून रायला."
मलाही तसंच वाटत होतं.
मी गुडघ्यावर बसून गाडीखाली पाहिलं.
तेल गळत नव्हतं.
एक कोंबडी बसली होती, ती उठून गेली.

किंमत अठ्ठ्याहत्तर हजार.
मी पंच्याहत्तर म्हटलं, सवयीनं.
"अठ्ठ्याहत्तरच लागतीन," ते म्हणाले,
पोस्टाच्या तिकिटाला कोणी घासाघीस करत नाही
अशा आवाजात.

आठ दिवसांनी फाट्यावर एसटीतून उतरले,
पिशवीत जॅक.
"हा घरीच राह्यला होता.
अन् एक सांगाचं राह्यलं.
वायपर सुरू होते,
पण पाऊस थांबला तरी थांबत नाई.
चाबी काढा लागते."
चहाला बसले नाहीत.
तीच गाडी पुढून वळून येणार होती.

मी चष्मे विकतो. घाटंजी, मारेगाव, रुंझा,
ज्या दिवशी जिथं बाजार.
पूर्वी ट्रंक एसटीच्या टपावर,
आता ओम्नीच्या मागच्या दारावर फ्रेमा टांगतो,
वाचून पाहायला चौथीच्या पुस्तकाचं पान,
शिंपिणींसाठी सुईदोरा.
आणि एकवीस वर्षांपासूनचं माझं वाक्य:
जर्मन काच हाये, मायबाई.

रुंझ्याला एका बाईनं पहिल्याच दमात
सुईत दोरा ओवला.
हसली. म्हणाली,
"जर्मन काच हाये काय जी?"
दोरा आत गेला होता. वाक्य जिभेवर होतं.
तेवढ्यात नजर पडली डाव्या चाकाच्या वर,
जिथला पांढरा रंग
बाकीच्या पांढऱ्याशी जुळत नाही.

"नाई," मी म्हटलं. "नागपूरवरून आणतो, ठोकमध्ये.
अन् काच बी नाई ते. प्लास्टिक हाये."

ती कितीतरी वेळ बघत राहिली माझ्याकडे,
माझ्याच चष्म्यातून.
मग शेजारणीच्या कानाशी काही बोलली,
लुगडं सावरलं,
आणि वाकून
गाडीखाली पाहिलं.