हयातीचा दाखला

कुतबुद्दीन शिकलगार गायचा
आणि मी त्याच्या मागं ‘जी’ म्हणायचो.
एवढंच. बेचाळीस वर्षं.

दिवसा त्याचं चाक फिरायचं पापाच्या तिकटीला.
कात्र्या, विळ्या, खाटकांचे सुरे.
ठिणग्यांच्या कडेला बसूनच चाली बांधायचा.
म्हणून असेल, त्याच्या आवाजात
गोडवा कधी नव्हता. धार होती.

पहिली बिदागी अकरा रुपये, त्यातले तीन टांग्याला.
एकदा गुऱ्हाळावर गायलो तर
मालकानं गुळाची ढेपच दिली उचलून,
ती खांद्यावर घेऊन पहाटे पंचगंगेचा पूल ओलांडताना
घामानं सदरा चिकटला, गुळानं मान चिकटली,
आणि तो म्हणाला, हिंद्या, आता आपण शाहीर झालो.

मग सांगलीचं रेडिओ केंद्र.
लाल दिवा लागला.
साडेनऊ मिनिटांत पन्हाळ्याचा वेढा बसवायचा होता.
सिद्दीचे तंबू पडले, तोफा लागल्या,
राजा दरवाज्यापाशी आला
आणि दिवा विझला.
एसटीत तो कुणाशी बोलला नाही.
टोप संभापूर आल्यावर एवढंच:
‘राजा अजून वरच हाय रं.’

पुढं ऑर्केस्ट्रा आले, डॉल्बी आली,
डफ खुंटीला गेला.
परवा नातवानं मोबाइलवर
कुठल्या बाकू शहराचा गवई लावला,
डफ गालाशी धरून गाणारा.
याला एका कानानं ऐकू येत नाही.
दुसरा कान लावला, बराच वेळ.
‘भाषा कळंना. पण गड्यानं कातडं शेकून घेतलंय.’

कलावंतांचं मानधन चालू राहायला
दर साली जिवंत असल्याचा दाखला लागतो.
मशीनवर अंगठा उमटेना.
सहाणेनं आणि डफानं रेघाच ठेवल्या नाहीत.
दहाही बोटं झाली.
बाई मान वर न करता म्हणाल्या,
हे हयात आहेत असं सांगणारं कोण आहे का?

मी म्हणालो, जी.

तेवढ्यावर भागलं नाही, सोमवारी परत बोलावलंय.

बाहेर टपरीवर चहा सांगितला.
कुतबूनं रिकाम्या बाकड्यावर बोटं वाजवली,
घसा खाकरला
आणि जिथं लाल दिवा विझला होता
बरोबर तिथनं उचललं.
आवाज फाटका. वरचा सूर लागलाच नाही, सोडून दिला.
टपरीवाला म्हणाला, आजोबा, कप गार झाला.
मी हातानंच थांब म्हणालो.

राजा निम्म्या उतारावर होता.