धुळीचा वार

बत्तीस वर्षं मी उदगीरच्या गल्ल्यांना पाणी सोडलं.
खांद्यावर कमरेएवढी लोखंडी चावी,
पहाटे तीनला कुणाच्या तरी दारापुढं
व्हॉल्व्हचं झाकण उचलायचं.
कोणत्या गल्लीला किती मिनिटं,
हे अजून बोटांत आहे.

आता बुधवारी आणि शनिवारी
मी एका चिंचिलाला धूळ सोडतो.

शिवलीला पुण्याला शिकायला गेली, त्याला ठेवून.
हॉस्टेलात चालत नाही म्हणे.
जाताना बजावलं: अप्पा, ह्याला पाणी लागू द्यायचं नाही.
एकेका मुळातून साठ-साठ केस,
आत ओल शिरली की वाळत नाही, कातडी कुजते.
गावाला पाणी पाजलेल्या माणसाला
असं सांगतं का कुणी?

पहिल्यांदा नदीची वाळू चाळून दिली.
त्यानं एक पाय टाकला, मिशा हलवल्या,
आणि माझ्याकडं असं बघितलं
की जणू नळाला गढूळ आलंय.
महानंदा ओरडली, काय करलालाव हे?
त्या चाळणीनं आता पीठ चाळू का मी?

मग कुरिअरनं पाकीट आलं.
कुठल्या लांबच्या डोंगराची राख,
चिमटीत धरावी तर नुसती चिमटीच उरते.
माळ्यावरचं घंगाळ उतरवलं, दोन चमचे टाकली.
उडीच मारली त्यानं.
उताणा, कुशीवर, परत उताणा,
माळेगावच्या जत्रेत गाढव लोळावं तसा.
खोलीभर धुरळा, माझा चष्मा पांढरा.
बाहेर बेचाळीस. कूलर चालत नाही ह्याला, दमट होतं,
म्हणून फंडाच्या पैशातनं एसी.
गल्ली हसते: म्हातारा गच्चीवर, उंदीर गारव्यात.

दहा मिनिटं झाली की घंगाळ उचलतो.
जास्त झालं तर कातडी तडकते.
घड्याळ बघावं लागत नाही.
मी अंघोळ करून कपाळाला भस्म लावतो,
ह्याची अंघोळच भस्माची.
अंग झटकून बाहेर येतो तेव्हा
हात फिरवला तर हाताला कळत नाही
केस कुठं सुरू झाले.

नवव्या दिवशी, पहाटे, नळ फुसफुसतो.
नव्या पोराची चावी; अर्धा आटा कमी फिरवतंय.
घरात आम्ही दोघंच जागे.
तो पिंजऱ्यात उभा राहून कान टवकारतो.
तुझं नाही रे ते, मी म्हणतो,
तुझं शनिवारी.