डावा हात खिशात

मास्टर कुस्तोदने पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं:
मागचं झाकण काढलंस की डावा हात खिशात.
काम एकाच हाताने. दोन्ही आत गेले
तर वीज काळजातून वाट काढते.
मी सोळा वर्षांचा. खिसा फाटका.
हात घातला की थेट मांडीला लागायचा.

सावर्ड्यात, खनिजाचे ट्रक वळायचे त्या तिठ्यावर दुकान.
संच उघडला की पोटात लाल धूळ,
पंचवीस हजार व्होल्टांनी आत ओढलेली,
काचेच्या पाठीवर मखमल चढल्यासारखी.
ब्रश फिरवला की अख्खा डोंगर नाकात.
बेतुलचे, वेळशावचे संच निराळे,
त्यांच्यात मीठ.
पावसाळ्यात नळीवरच्या रबरी टोपीखालून
जांभळी ठिणगी चर्र करायची,
आणि घरातली म्हातारी माणसं म्हणायची
टीव्ही सुंगटं भाजतो.

"चित्र नसतंच," मास्टर म्हणायचा,
डाग देताना, धुरातून एक डोळा मिटून.
"एक ठिपका असतो. तोच धावतो.
डावीकडून उजवीकडे, परत, एक ओळ खाली,
सहाशे पंचवीस ओळी,
सेकंदाला पंचवीस वेळा.
बातम्यांची बाई, तिचं कुंकू, मागचा नकाशा,
सगळं त्या एकट्याच्या पायपिटीवर.
डोळा आळशी, म्हणून आपल्याला बाई दिसते."

त्यानंतर मला कितीतरी दिवस बाई नीट दिसली नाही.

कडेला थाप मारून चालणारे संच यायचे,
कुठंतरी डाग सुटलेला, थापेपुरता चिकटणारा.
उजाडायला पंधरा मिनिटं घेणारे यायचे:
आधी आवाज, मग धुकं,
मॅचची दोन षटकं संपल्यावर खेळाडू.
एकदा सगळं आकसून मधोमध एक पांढरी रेघ झालेली,
आणि रेघेतून माणसं नीट बोलत होती,
हसतसुद्धा होती.
एकात पालीने पिल्लं घातलेली.
त्याचे पैसे मास्टरने घेतले नाहीत.

काकोड्याच्या पियेदाद बायचा बहारीनहून आलेला.
कोपऱ्यात जांभळा डाग, पाद्रीचा अर्धा चेहरा वांग्यासारखा.
"घोव यायचा बंद झाला तेव्हापासून," ती म्हणाली.
मास्टरने शेजारचा कमरेएवढा स्पीकर पाहिला,
त्यातला लोहचुंबक पाहिला, बोलला काही नाही.
तारेचं कडं काढून पडद्यासमोर गोल गोल फिरवू लागला.
रंग डबक्यावरच्या डिझेलसारखे हलले.
मग फिरवत फिरवत एकेक पाऊल मागे,
टेबलाला वळसा, कुत्र्याला ओलांडून, दारापर्यंत,
आणि तिथे बटण बंद.
"जवळ बंद केलंस," बाहेर आल्यावर मला म्हणाला,
"तर डाग कायमचा. लांब जायचं, मग सोडायचं."
पियेदादने सोलांची पुडी दिली
आणि आठवड्यात स्पीकर होता तिथेच नेऊन ठेवला.
प्लग तिथंच होता ना.

आता मी मोबाईलची कव्हरं विकतो.
गेल्या मे महिन्यात कुडचड्याचा भंगारवाला आला,
मागच्या खोलीतले सात संच उचलायला.
त्याला मानेभोवतीचं तांबं हवं, किलोवर.
काच फोडू म्हणाला. मी म्हटलं, थांब,
अशी फोडलीस तर डोळे जातील,
आत काहीच नाही, आणि तेच धोक्याचं.

बहारीनवाला शेवटचा होता.
नऊ वर्षं प्लग काढलेला, तरी
स्क्रूड्रायव्हरला तार बांधून टोपीखाली सरकवला.
ठिणगी नाही.
मग मानेच्या टोकाशी, जिथे फॅक्टरीत हवा काढून
काच वितळवून मिटवतात,
तिथे पक्कडीने हलकेच दाबलं.

हुश्श.
बराच वेळ.
तीस वर्षं बाहेर ठेवलेली हवा,
आमच्या तिठ्याची, डिझेल नि धुळीसकट, आत चालली होती.
मानेतला आरशासारखा चंदेरी डाग
कडेकडून दुधाळ होत गेला, होत गेला,
पांढरा झाला.

भंगारवाल्याने विचारलं,
खिशातून काय काढताय?