येणे बाकी

पापाच्या तिकटीजवळ आमचं दुकान.
माळ्यावर, हळदीच्या पोत्यांमागं,
लाल कापडात सत्तावीस वह्या.
कडा उंदरांनी वाचल्या, मधलं मी वाचते.
सहा महिने दर रविवारी मोडीचा वर्ग केला,
त्या फीची ही वसुली.

पणजोबा बसाप्पा कुंभोजे, किराणा-भुसार.
इंग्लंड कुठल्या अंगाला आहे, ठाऊक नव्हतं त्यांना.
त्यांचं इंग्लंड कँपातल्या बंगल्यातनं यायचं
बटलराच्या हातातली चिठ्ठी होऊन.

"हारबट मडम. बेदाणे दोन शेर, जायफळं चार,
दालचिनी, गूळ पिवळा. कारण : नाताळचा गोळा."
फडक्यात बांधून उकडतात, एवढंच बटलर सांगून गेला असणार,
कारण समासात बारीक अक्षर :
"उंडा असावा."

"गोणपाट तीन, रॉकेल, जुनी टोपी असल्यास.
बाहुलं जाळणार."
आणि खाली, बेरजेत न धरलेलं :
"यांचा शिमगा कार्तिकात. बोंब मारत नाहीत म्हणे."
मी हसले. मग खोकले. धूळ फार.

शके अठराशे बावीस, माघ.
"राणी वारली. दुकान दुपारपर्यंत बंद."
त्याच पानावर प्लेगात गेलेली सहा गिऱ्हाइकं,
प्रत्येक नावावर आडवी रेघ.
त्यांच्यासाठी बंद ठेवल्याची नोंद नाही.
ठेवत बसले असते
तर फळ्या काढायची वेळच आली नसती.

पुढं एकदा "राजा बसला. पणत्या पाचशे,
परत आल्या चारशे दहा."
नव्वद पणत्यांसाठी तीन पानं पत्रव्यवहार.

आणि मग एक पावसाळा, त्यात काहीच सण नाही.
"हारबट मडम. साबुदाणा पाव शेर.
वावडिंग.
साबुदाणा.
साबुदाणा.
कापूर."
कापराच्या पुढं रकमेच्या जागी
नुसती रेघ,
बोरू जरा जास्त दाबलेला.
समासात काही नाही.

वर्षाच्या शेवटी बंगला रिकामा झाला.
तेरा रुपये सहा आणे येणे.
दर पाडव्याला ती रक्कम नव्या वहीत पुढं ओढलेली,
आधी बसाप्पांच्या हातानं, मग आजोबांच्या.
सत्तेचाळीस सालीही ओढली.
देश सुटला, बाकी सुटली नाही.

बाबांना दाखवली. ते वजन करत होते.
"मग? लंडनला जातीस का वसुलीला?"
गिऱ्हाईक हसलं. बाबाही.
काट्याकडं बघत म्हणाले,
"कापराचं मात्र लावलं न्हाईत बघ म्हाताऱ्यानं."

डिसेंबर लागला की बेदाणा महागतो.
आज ब्रह्मपुरीतल्या रूथ भोरे आल्या,
देवळात नव्वद माणसांचा केक यंदा त्यांच्याकडं.
बेदाणे दोन किलो, जायफळं, दालचिनी,
आणि गूळ, पिवळाच हवा, आईची रीत आहे म्हणाल्या.
फोन पुढं केला, तर रेंज नाही.
"ऱ्हाऊ दे, लिहून ठेव गं. नाताळ झाल्यावर देते."

जीएसटीच्या बिलात उधारीला रकाना नाही.
मी खालच्या खणातली वही काढली.
नाव, माल, रक्कम.
कारण लिहिताना हात क्षणभर थांबला.
समास मोकळा होता.